गाळातला हिस्सा

सामायिक विहीर ज्यांनी वापरली त्यांना ही रीत नवी नाही. पाण्याला जसा हिस्सा, तसा गाळालाही. आमच्या भावकीच्या विहिरीत थोरल्या चुलत्यांचा आठ आणे हिस्सा, आमचा चार आणे, आणि राहिलेले चार आणे दोन घरांत वाटलेले. वैशाखात पाणी बुडाला टेकलं की सगळ्यांनी मिळून गाळ उपसायचा. आठ आणेवाल्यानं चार गडी द्यायचे, आम्ही दोन, बाकीच्या दोन घरांनी एकेक. ज्याला जमत नसेल त्यानं मजुरी द्यायची. कागद कुठंच नव्हता, पण मोडलेलं क्वचित. एका साली एका घरानं गडीही दिला नाही आणि मजुरीही दिली नाही. त्याची पाण्याची पाळी कुणी अडवली नाही. पण त्या घरच्या कर्त्याला पारावर वर्षभर कुणी तंबाखूची पिशवी पुढं केली नाही. पुढच्या वैशाखात तो सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरला.

मी दहावीपर्यंत शिकलो. नीतीवरची जाडजूड पुस्तकं काही वाचलेली नाहीत. पण न्याय म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला ही विहीर आठवते. जो पाणी पितो त्यानं गाळ काढावा, आणि जितकं पाणी तितका गाळ. एवढी सोपी गोष्ट धरणाला का लागू होत नाही, हे कोडं मला बऱ्याच वर्षांपासून छळतंय.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या अंगावर. बालाघाट म्हणजे सह्याद्रीसारखा उंच कडा नव्हे. बसकी, बोडकी डोंगररांग. उतारावर वीतभर माती आणि खाली मुरूम. ह्याच तालुक्यात मांजरा उगम पावते. उन्हाळ्यात तिच्या उगमाकडं गेलं तर तिला नदी म्हणायला जीभ धजत नाही. पण तीच पुढं लातूर, बीदर करत तेलंगणात जाते आणि सातशे किलोमीटरच्या वर चालून गोदावरीला मिळते. आणि चालताना ती रिकाम्या हातानं चालत नाही.

जूनमधला पहिला मोठा पाऊस आमच्याकडं बघायला यावा. रान नांगरून, वखरून मोकळं केलेलं असतं. हिरवं पान नाही, गवताची काडी नाही. चार महिन्यांच्या उन्हानं माती पिठासारखी झालेली. अशात अर्ध्या-पाऊण तासात दोन इंच पाऊस कोसळला की ओढा दाट चहासारखा होतो. पुढं श्रावणात बाजरी-तूर उभी राहिल्यावर तेवढाच पाऊस पडला तरी पाणी तितकं गढूळ नसतं. वर्षाची निम्मी माती पहिल्या चार-सहा पावसांतच जाते, असा माझा डोळ्यांचा हिशेब आहे.

कागदावरचा हिशेबही मी करून पाहिलाय. एका एकरावरून एक मिलिमीटर थर गेला, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी, तर चार घनमीटर माती गेली. म्हणजे जवळजवळ दीड ब्रास, एक ट्रॉली भरून वर अर्धी. शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी रानात काही फरक दिसत नाही. रात्री दीड ट्रॉली माती कुणी भरून नेली असती तर त्यानं पोलीस पाटलाचं दार वाजवलं असतं. पाण्यानं नेली म्हणून तो गप्प तिफण जुंपतो. आणि ही वीतभर माती दगडातून तयार व्हायला शेकडो-हजारो वर्षं लागतात.

ती गेली कुठं, तर त्यातली काही निजामाबादच्या लोकांच्या पाण्यात. आमचा मराठवाडा आणि तो मुलूख १९४८ पर्यंत एकाच हैदराबाद संस्थानात होता. मांजरेवर निजामाच्या सरकारनं १९२३ ला धरण धरलं आणि १९३१ ला पुरं केलं. तेच निजामसागर. नवाब अली नवाज जंग नावाच्या नामांकित अभियंत्याचं काम. तेव्हा त्यात जवळजवळ ३० टीएमसी पाणी मावत होतं. पुढं चाळीसेक वर्षांनी मोजलं तर निम्म्याहून जास्त जागा गाळानं खाल्लेली. मग पाण्याची पातळी चढवून घेतली, तेव्हा कुठं आता १८ टीएमसीच्या आसपास साठवण धरतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि ब्रास शंभर घनफुटांचा. म्हणजे एक टीएमसी बरोबर एक कोटी ब्रास. निजामसागराचं निम्मंच धरलं तरी पंधरा कोटी ब्रास माती झाली. ती सगळी काही आमच्या डोंगराची नव्हे, लातूर-बीदरच्या काळ्या रानांचीही आहे. पण नदीची सुरुवात आमच्यापासून, तर गाळाचा पहिला हिस्साही आमचाच. आता आमच्या आणि त्यांच्या मध्ये धनेगावचं मांजरा धरण झालं, तिकडं सिंगूर झालं. आता तीही धरणं आपापल्या वाट्याचा गाळ धरतात.

पश्चिम घाटातून येणाऱ्या तुंगभद्रेचंही तसंच. १९५३ ला धरणात पाणी अडवलं तेव्हा १३३ टीएमसी मावत होतं, आता १०५ च्या जवळपास आहे. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात सत्तावीस-अठ्ठावीस कोटी ब्रास.

आता हा धोका धरण बांधणाऱ्यांना माहीत नव्हता असं नाही. प्रत्येक धरणाच्या तळाला ते गाळासाठी जागा सोडतात, तिला मृतसाठा म्हणतात. गाळ येईल, तळाला बसेल, वरचं पाणी आपलं, असा हिशेब. पण गाळ काही पाहुणा नाही, बस म्हटलं तिथं बसायला. नदीचं पाणी धरणात शिरताच त्याचा वेग मोडतो आणि जड माती-वाळू तिथंच, धरणाच्या शेपटीला बसते. म्हणजे जिथं वापराचं पाणी असायला हवं तिथं. बारीक चिकण तेवढी भिंतीपर्यंत जाते. त्यामुळं मृतसाठा भरायच्या आधीच जिवंत साठा मरायला लागतो.

आणि हे मरण दिसत नाही, हीच खरी मेख आहे. पाणी आटलं की सगळ्यांना दिसतं. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, सगळ्या देशानं बघितलं. पण पाण्याची जागाच आटली तर ती कुणाला दिसणार? गाळानं भरलेलं धरण उलट लवकर भरतं. सांडवा लवकर वाहतो. लवकर जलपूजन होतं, नारळ फुटतो, साडी-खण वाहतात, फोटो निघतात. भांडं लहान झालं म्हणून लवकर भरलं, हे त्या गर्दीत कोण बोलणार? ज्यांनी १९२३ ला निजामसागर धरलं ते त्यातल्या पाण्यावर कौतुक घेऊन गेले, आणि गाळ आला तो पुढच्या पिढीच्या वाट्याला. विहिरीत असं चालत नाही. तिथं ज्यानं पाणी घेतलं त्यालाच त्याच वैशाखात टोपलं उचलावं लागतं. धरणात पाणी पिणारा एक, आणि टोपलं उचलणारा अजून जन्मायचा.

मग दोष कुणाचा, असा विषय निघाला की बोट वर, डोंगराकडं जातं. 'वरचे लोक उताराला उभी नांगरट करतात, झाडं तोडतात, ताली धरत नाहीत.' मीसुद्धा हे ऐकत आलोय, आणि त्यात अगदीच खोटं नाही. उताराला आडवी पेर करावी, ताल धरावी, बांधावर गवत राखावं, हे आमच्या आजोबा-पणजोबांना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या लहानपणी वरच्या रानांत दगडी ताली होत्या, मागं गुडघाभर माती साठलेली. आज त्यातल्या निम्म्या फुटल्यात. का फुटल्या? लोक आळशी झाले, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जरा थांबून बघावं.

ताल धरायचा, बांध घालायचा हंगाम कुठला? खरीप निघालं की दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत. थंडी असते, जमिनीत ओल असते, हाताला कुदळ लागते. आणि नेमक्या ह्याच दिवसांत आमचा बालाघाट रिकामा असतो. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते, लग्नाला नाहीतर दवाखान्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता, बैलगाडी असली तर बैलं, लेकरं बरोबर. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात, कुणी मांजरेच्याच खालच्या पट्ट्यात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. तेव्हा ऊन बेचाळीसवर, मुरूम दगडासारखा, आणि अंगात पाच महिन्यांची ऊसतोड. तोवर जून येतो.

मांजरेच्या पट्ट्यात तोडीला जाणाऱ्या माणसाची गंमत बघा. त्याच्या रानावर पडलेलं पाणी वाहून धरणात गेलं. त्या पाण्यावर खाली ऊस वाढला. तो ऊस तोडायला हा आपली ताल फुटकी टाकून गेला. फुटक्या तालीतून त्याची माती त्याच धरणात गेली आणि धरण उथळ झालं. आता ह्यात गुन्हेगार ठरवायचा असेल तर मला तरी तो कोयता घेऊन उसाच्या फडात उभा असलेला माणूस दिसत नाही. तसा ऊसवालाही दिसत नाही. त्यानं कुणाचं काही हिसकावलेलं नाही. दोघंही सरळ वागले आणि तरी एकाची माती गेली, दुसऱ्याच्या पाण्याची जागा गेली. अपराधी सापडत नाही म्हणून कर्ज फिटलं, असं होतं का? मला वाटतं, नाही. सगळे म्हणतात चूक कुणाची ते आधी ठरवा. विहिरीवर आम्ही कधी विचारलं नाही की गाळ कुणाच्या बाजूनं ढासळला. पाण्यात हिस्सा किती, एवढंच विचारायचो.

हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्ष वाटायला बसलं की काय होतं ते आमच्या गावच्या तलावानं दाखवलं.

आमचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. मी तेव्हा शाळेत होतो. आई तिथं टोपलं वाहायची, वडील दगड फोडायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्या सुकडीची गोडी अजून जिभेवर आहे, आणि ती आठवण चांगली म्हणावी की वाईट हे मला आजही ठरवता येत नाही. तलाव झाला. खालच्या विहिरींना चैत्रापर्यंत पाणी टिकायला लागलं. पुढं दरसाल गाळ येत गेला, आणि जिथं म्हैस पोहायची तिथं ती गुडघाभर पाण्यात बसायला लागली.

२०१७ ला सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. मशीनच्या डिझेलची सोय होते, गाळाला रॉयल्टी नाही, शेतकऱ्यानं वाहतूक आपल्या खर्चानं करायची. पुढं २०२३ ला ती नव्यानं सुरू झाली तेव्हा लहान शेतकऱ्याला वाहतुकीचं अनुदानही धरलं. योजना चांगली. मुरमाड रानात गाळ पडला की ते रान पाण्याचा ताण आठ-दहा दिवस जास्त सोसतं, हे मी स्वतः पाहिलंय. (आधीच काळी भारी जमीन असेल तिथं मात्र गाळ घालू नये. चिकण वाढते आणि पाणी धरून मुळं कुजतात. काही जण फुकट मिळतंय म्हणून ट्रॉल्यांवर ट्रॉल्या ओततात.)

२०१९ च्या उन्हाळ्यात तलाव ठणठणीत कोरडा पडला तेव्हा आमच्याकडं गाळ काढायचं ठरलं. मशीन यायच्या आधी ग्रामसभा झाली. इतकी माणसं मी निवडणुकीच्या सभेलाही बघितली नव्हती.

वरच्या वस्तीवरचे एक म्हातारे उठले. म्हणाले, "मपली माती हाय ती. मपल्या बांधावरून जाताना ह्या डोळ्यांनी बघितलीय. आन् आता मपलीच माती मला ट्रॉलीमागं सातशे रुपये देऊन वर न्यायची व्हय?"

सरपंच त्यांच्या नातवाच्या वयाचा. तो म्हणाला, "बाबा, मातीला पैसे न्हाईत. पैसे ट्रॅक्टरचे."

"खाली येताना तिनं कुणाला भाडं मागितलं न्हाई," म्हातारे म्हणाले आणि खाली बसले.

सगळे हसले, पण म्हणणं खरं होतं. गाळ खाली उतरायला पैसा लागत नाही, वर चढायला लागतो. म्हणून योजना कितीही सगळ्यांसाठी असो, गाळ जातो तो तलावाच्या जवळच्या, सपाट, ट्रॅक्टर असलेल्या रानात. ज्याची माती गेली त्याच्या रानापर्यंत तो पोचतच नाही.

मग तलावात जमीन गेलेलं एक घर बोललं. "गाळ बसलाय तो आमच्या सहा एकरांवर. मोबदला मिळाला तो त्र्याहत्तरच्या भावानं." त्या जमिनीचा सातबारा आता सरकारचा, हे त्यांनाही माहीत होतं. तरी मोठ्या धरणांत पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन देताना प्रकल्पग्रस्तांचा विचार आधी होतो, मग आमचा का नको, असं त्यांचं म्हणणं. खालचे विहिरीवाले म्हणाले, "तुम्ही कुणीबी न्या, पण न्या. आमच्या विहिरी माघातच आटायल्यात." शेवटी एक विधवा बाई उठल्या. त्यांना गुंठाभर रान नाही. "बहात्तरला आम्ही तिथं टोपली वाहिली," त्या म्हणाल्या. "रान न्हाई तर गाळ घेऊन मी काय करू? पर तलाव आमचाबी हाय का न्हाई, तेवढं सांगा."

त्याला कुणाकडं उत्तर नव्हतं. मला मात्र पुरंदरच्या पाणी पंचायतीची आठवण झाली. विलासराव साळुंखे यांनी त्याच बहात्तरच्या दुष्काळानंतर नायगावला ते काम उभं केलं. तिथं पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं वाटायचं ठरलं, आणि भूमिहीनालाही पाण्यात हक्क धरला. म्हणजे असं वाटप होऊ शकतं, कुणीतरी करून दाखवलंय. मी सभेत ते सांगितलं. ऐकून घेतलं लोकांनी, पण त्या बाईंना काय द्यायचं ते त्या दिवशी ठरलं नाही.

ठरलं एवढंच, की पहिले तीन दिवस गाळ फक्त वरच्या वस्तीला, आणि ट्रॅक्टरवाल्यांनी तेवढे दिवस नुसतं डिझेल घ्यायचं. सात ट्रॅक्टरांपैकी पाचजण तयार झाले. दोनशेच्या आसपास ट्रॉल्या वर गेल्या. जूनमध्ये पाऊस आला. ज्यांच्या ताली धड होत्या त्यांचा गाळ जागेवर राहिला. ज्यांच्या फुटक्या होत्या त्यांचा पहिल्याच पावसात परत तलावाकडं निघाला. "माहेराला निघाली," म्हातारे म्हणाले. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

तेव्हापासून मी गाळ काढा म्हणण्यापेक्षा गाळ येऊ देऊ नका म्हणतो. मोठ्या धरणातला कोट्यवधी ब्रास गाळ उपसणं हे ट्रॅक्टरचं काम नाही. तो वरच थोपवावा लागतो, एकेका तालीनं. आणि ती ताल एकट्या डोंगरवाल्याच्या जिवावर उभी राहणार नाही. खालच्यांनी, म्हणजे कालव्यावर ऊस भिजवणाऱ्यांनी, कारखान्यांनी, नळ सोडून अंघोळ करणाऱ्या शहरांनी, आपला पाण्यातला हिस्सा जितका तितका गाळातला उचलावा. पाणीपट्टीत चार पैसे त्यासाठी धरावेत आणि ते वर पोचावेत.

ह्यावर आमच्या गावातलाच एक शिकलेला पोरगा म्हणाला, "काका, स्वतःच्या रानाचा बांध घालायला दुसऱ्यानं पैसे का द्यायचे? माती राहिली तर पीक त्याचंच वाढणार ना?" प्रश्न रास्त आहे, मी तो झटकून टाकत नाही. बांधाचा फायदा रानवाल्याला होतोच, म्हणून त्यानं काहीच देऊ नये असं मी म्हणत नाही. पण दोन एकरवाल्याची बांधाखाली चार-पाच गुंठे जमीन जाते, ती लगेच जाते. फायदा येतो तो दहा वर्षांनी. त्याची उचल यंदा फेडायची असते. खालच्याला मात्र त्याच बांधाचा फायदा पुढची पन्नास वर्षं मिळत राहतो, आणि तो कोण हे त्याला स्वतःला ठाऊकही नसतं. दोघांचं माप एक कसं धरायचं? विहिरीत तरी आम्ही आठ आणे आणि चार आणे वेगळे धरत होतो.

लातूरची पाणीपट्टी ठरवणं आमच्या हातात नाही. आमच्या हातात आमचा तलाव आहे. तीन वर्षांपासून आम्ही असं धरलंय, की तलावाच्या पाण्यावर ज्याची मोटार त्यानं मोटारीमागं वर्षाला पाचशे रुपये द्यायचे, आणि त्या पैशातून उसाला गेलेल्या घरांच्या ताली ते गावात नसताना धरायच्या. मोटारी एकतीस, पैसे देणारे एकोणीस. बाराजण म्हणतात, आमच्या कर्मानं पाऊस पडतो. त्यांचं पाणी कुणी तोडलेलं नाही. ताली रचायच्या कामावर आधी त्या भूमिहीन बाईंना आणि त्यांच्या सुनेला घेतो. तलाव त्यांचाही आहे ह्याचं आम्हाला एवढंच उत्तर सापडलंय, आणि ते पुरं नाही हे मला कळतं.

यंदा पौषात चार घरांच्या ताली झाल्या. पाचव्या रानात मशीन लागलं तेव्हा त्या घरच्या पोराचा सांगलीकडून फोन आला. मागं उसाच्या पाचटाचा आवाज येत होता. "दादा, बांध कुठवर आलाय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, बोरीच्या झाडापाशी. तो म्हणाला, "बोरीच्या खालनं घ्या. वरनं घेतला तर तुरीचा तुकडा जातोय." मी मशीनवाल्याला हात करून थांबवलं आणि दोरी घेऊन खालच्या अंगाला गेलो.